कापलेला समास

खळमास्तरांना कुणी त्यांचं खरं नाव विचारलं तर ते जरा थांबून सांगायचे, इतकी त्या नावाची सवय मोडली होती. रेकॉर्ड ऑफिसातली जुनी रजिस्टरं बांधण्यात त्यांचं अख्खं आयुष्य गेलं. रिटायर होऊन तीन वर्षं झाली तरी ऑफिस त्यांना सोडेना. नव्या लोकांना खळ शिजवता येत नव्हती. कुणाची पाण्यासारखी व्हायची, कुणाची गुठळ्यांची. मग हातापाया पडून मास्तरांनाच बोलवायचं, रोजंदारीवर.

इमारतीच्या मागच्या अंगाला त्यांची खोली. एक खिडकी, एक शेगडी, लांब टेबल आणि कोपऱ्यात हातचाकाचं कटिंग मशीन. नवा माणूस आला की मास्तर त्याला त्या मशीनपाशी उभं करायचे आणि एकच गोष्ट दहा वेळा सांगायचे, ‘‘कापायच्या आधी समास वाचायचा. प्रत्येक पानाचा. कंटाळा आला तर घरी जा, पण न वाचता कापू नकोस.’’ लोक म्हणायचे, काय शिस्तीचा माणूस आहे. ही शिस्त कुठून आली ते फक्त त्यांनाच माहीत होतं.

त्यांच्या हातच्या कामाचा नमुना म्हणून एक वही ऑफिसच्या काचेच्या कपाटात ठेवलेली होती. दारूची वही. नव्वद वर्षांपूर्वीची, हाताने लिहिलेली, वजनाला तान्ह्या मुलाएवढी. गावातल्या कुणाची भट्टी कुठे, किती पिंपं उतरली, कुठल्या दुकानात किती गेली आणि त्यावर सरकारचा कर किती, सगळं तीत होतं. एक कारकून भट्ट्याभट्ट्यांवर फिरायचा, पिंपात लाकडी गज बुडवायचा, ओला भाग मोजायचा आणि वहीत उतरवायचा. दिवसभर दारूच्या पिंपांवर वाकलेल्या त्या माणसाचं अक्षर संध्याकाळच्या नोंदींत जरासं डुलायचं, आकडा मात्र कधी डुलला नाही. असली ती वही मास्तरांनी बाविसाव्या वर्षी बांधली होती. लाल कातडी पाठ, कडा सुरीसारख्या सरळ. पाहुणे आले की साहेब लोक ती काढून दाखवायचे. मास्तर त्या वेळी हटकून काहीतरी काम काढून खोलीत निघून जायचे. लोकांना वाटायचं, लाजाळू आहेत.

एके दिवशी सकाळी ऑफिसच्या नव्या मॅडम ती वही दोन्ही हातांवर घेऊन खोलीत आल्या. वयाने मास्तरांच्या मुलीसारख्या, पण मास्तरांना मुलगी नव्हती. लग्नच केलं नव्हतं.

‘‘मास्तर, पुढच्या महिन्यात प्रदर्शन आहे ना, त्यात ही मधोमध ठेवायची आहे,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘पण पान सपाट उघडतच नाही. आणि हे बघा, पाठीत काहीतरी फुगीर लागतंय. हात लावून बघा.’’

मास्तरांनी हात लावला नाही. फुगीर काय आहे ते त्यांना ठाऊक होतं.

‘‘जुनी शिलाई आहे,’’ ते म्हणाले, ‘‘असतं तसं.’’

‘‘असू दे, तरी पाठ उघडून परत बांधा. तुम्हीच बांधली आहे, तुम्हीच उघडा. दुसऱ्या कुणाच्या हाती मी देणार नाही.’’

मॅडम गेल्या. मास्तर स्टुलावर बसले ते बराच वेळ उठलेच नाहीत. शेगडीवरची खळ करपली. एवढ्या वर्षांत त्यांची खळ पहिल्यांदाच करपली होती.

आता ती भानगड काय होती ते सांगितलंच पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल, हा माणूस एका वहीला एवढा का घाबरतो.

मास्तर नोकरीला लागले तेव्हा त्यांना शिकवायला एक वस्ताद होते. हाताने सोनं, तोंडाने तिखट. वस्तादांनी पहिल्याच दिवशी समासाचं सांगितलं होतं. पोरगा हो म्हणाला आणि विसरला. मग वस्ताद डोळ्याच्या ऑपरेशनसाठी महिनाभर रजेवर गेले आणि नेमकी त्याच महिन्यात ही वही खोलीत आली. कडा कुरतडलेल्या, पानं दातेरी. पोराला वाटलं, वस्ताद परत येतील तेव्हा त्यांच्या तोंडावर अशी झकास वही मारू की बोलती बंद. पहिली आठ-दहा पानं चाळली, समास कोरे दिसले. झालं. वही मशीनमध्ये दाबली, चाक फिरवलं, आणि पानांच्या बाहेरच्या कडेची बोटभर रुंदीची पट्टी एका झटक्यात खाली पडली.

खाली पडलेल्या पट्ट्या गोळा करताना त्यांच्यावर शाई दिसली.

त्या जुन्या कारकुनाची एक पद्धत होती. सरकारी वहीत खाडाखोड करायला बंदी. म्हणून कुणाचा कर थकला की आतल्या रकान्यात तो ‘बाकी’ लिहायचा, आणि पुढे तो माणूस पैसे भरून गेला तरी ‘बाकी’ खोडायचा नाही. त्याच ओळीसमोर पानाच्या अगदी कडेला, मुंगीएवढ्या अक्षरात ‘भरले’ असं लिहून तारीख आणि सही करायचा. पोराच्या हातात त्या सगळ्या ‘भरले’ होत्या. वहीत आता नुसती ‘बाकी’ उरली होती.

चूक झाली, आता वस्ताद आले की सांगू, असं तो स्वतःशी म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता, त्या घटकेला त्याला सांगायचंच होतं. पण संध्याकाळपर्यंत नोकरी जाईल ही भीती पोटात शिरली. घरी बाबा आजारी, थोरली बहीण लग्नाची, आणि महिन्याचा पगार आणणारा हा एकटा. मग त्याने वहीचं पहिलं पान नीट पाहिलं. त्यावर कारकुनाने स्पष्ट लिहून ठेवलं होतं: ‘बाकीचा भरणा समासात पाहावा.’ पान फाटकं होतं. फाटकं पहिलं पान पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला डकवून टाकायची रीत आहेच. त्याने ते डकवलं, लिहिलेली बाजू आत. पानांचे आकडे कापलेल्या कडेबरोबर गेले होते, म्हणून शिक्क्याने नवे आकडे मारले. पट्ट्या जाळायला शेगडीपर्यंत नेल्या, पण सरकारी कागद जाळायचा धीर झाला नाही. दाखवायचाही झाला नाही. शेवटी दोऱ्याने बांधून वहीच्याच पाठीत, कातड्याखाली भरल्या आणि वरून सरस लावला.

कापणं ही चूक होती. पान डकवणं ही चूक नव्हती, ती लबाडी होती. मास्तरांनी पुढे आयुष्यभर मनाशी कितीही वकिली केली, तरी हे एक कलम त्यांना कधी सोडवता आलं नाही.

वस्ताद परत आले, वहीवरून हात फिरवला, म्हणाले, ‘‘माझ्यापेक्षा चांगलं झालंय.’’ त्यांची नजर अधू झाली होती. दुसऱ्या वर्षी ते वारले.

एवढ्यावर थांबलं असतं तर एक बिघडलेली वही, यापलीकडे काही नव्हतं. पण गावात एक साप्ताहिक निघायचं आणि त्याच्या संपादकाला दर आठवड्याला रकाना भरायला काहीतरी लागायचं. तो ऑफिसात आला, सुबक बांधलेली वही त्याने चाळली आणि ‘आपले जुने करबुडवे’ म्हणून तीसेक नावं छापून मोकळा झाला. बहुतेक घराणी केव्हाच गाव सोडून गेली होती. एक घर राहिलं होतं, कालव्याच्या वळणावरचं. त्या घरातल्या आजीने विधवा झाल्यावर एकटीने भट्टी चालवली होती. एका वर्षी भट्टीला आग लागली आणि तीन हप्ते थकले. घरचे सांगत राहिले की आजीने तांब्याचा मोठा हंडा विकून पै न् पै भरली, पण पावती वाळवीने खाल्लेली. लोक हसायचे. त्या घराला ‘बुडवे’ हे नाव पडलं ते पडलंच. दुकानदार उधार देईनासे झाले, शाळेत मुलांना चिडवायला एक शब्द मिळाला.

आणि मास्तरांच्या ताईला मागणी आली ती त्याच घरातून.

मुलगा घड्याळं दुरुस्त करायचा. ताई शिवणकाम करायची. दोघांची दुकानं एका गल्लीत, आणि त्यांचं आपसात ठरलेलं होतं हे आईला, शेजारणीला, सगळ्यांना कळलं होतं. मुलाचे काका रीतसर विचारायला येऊन गेले. त्या दुपारी जेवताना बाबा म्हणाले, ‘‘बुडव्यांच्या घरात मी मुलगी देणार नाही. सरकारी वहीत लिहिलंय, लोक काही उगाच बोलत नाहीत.’’ मग मास्तरांकडे वळून म्हणाले, ‘‘तूच बांधलीस ना ती वही? आहे ना तसं लिहिलेलं?’’

मास्तर म्हणाले, ‘‘आहे.’’

खोटं नव्हतं. लिहिलेलं होतंच. बाकीचं बोलायला तोंड उघडायचं होतं, तिथे त्यांनी मिठाची गुळणी धरली. त्यानंतर ताईला तीन-चार स्थळं आली, तिने एकेकाला नकार दिला, आणि मग यायची थांबली. आईबाबा गेले. भाऊ-बहीण त्याच घरात राहिले. ताई लग्न न करता राहिली म्हणून भावाने केलं नाही, असं लोक कौतुकाने सांगायचे. लोकांना कौतुक करायला काय जातं.

मॅडमनी वही आणून दिली त्याच दिवशी दुपारी घड्याळवाला ऑफिसात अर्ज घेऊन आला. केस पांढरे, पाठीला पोक, खिशात डोळ्याला लावायचं भिंग. खोलीच्या दारातून मास्तरांना त्याचा आवाज ऐकू येत होता.

‘‘प्रदर्शन तुम्ही खुशाल करा, मॅडम,’’ तो सांगत होता, ‘‘फक्त आमच्या आजीचं पान उघडं ठेवू नका. एकशे बारा नंबरचं. बाकी कुठलंही ठेवा. नात पहिलीत गेली आहे या वर्षी. तिची शाळा बघायला येणार म्हणे.’’

‘‘आजोबा, ती जुनी नोंद आहे हो. आता कोण मनावर घेतंय.’’

‘‘तुमच्या आडनावाला कुणी हसलं नाही ना, म्हणून असं वाटतं,’’ घड्याळवाला म्हणाला. आवाज चढवला नाही त्याने. अर्ज टेबलावर ठेवला आणि पोच मागून घेतली.

मास्तर दाराआड उभे होते. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि तरी ते बाहेर आले नाहीत.

संध्याकाळी घरी ताई मशीनवर बसून कुणाच्यातरी पडद्यांना दुमड घालत होती. तिने वर न बघता विचारलं, ‘‘प्रदर्शन आहे म्हणे तुमच्याकडे. ती वही ठेवणार?’’

‘‘हं.’’

‘‘त्यांचं पान दाखवणार?’’

अडतीस वर्षांत तिने त्या घराचा विषय काढला नव्हता. आताही ‘त्यांचं’ म्हणाली, नाव घेतलं नाही. मास्तर म्हणाले, ‘‘अजून ठरलं नाही.’’ ताईने दोरा दाताने तोडला आणि दुसरा पडदा ओढून घेतला.

दुसऱ्या दिवशी मास्तर ऑफिस उघडायच्या आधी जाऊन बसले. दार आतून लावलं. पाठीवरच्या कातड्याला ओलं फडकं लावून ठेवलं, सरस सुटेपर्यंत वाट पाहिली आणि हाडाच्या पट्टीने कातडं अलगद उचललं. पट्ट्यांची जुडी जशीच्या तशी होती. दोरासुद्धा पिवळा पडला नव्हता. आपण कामच इतकं चांगलं करतो, याची त्या क्षणी त्यांना शिसारी आली.

शेगडी पेटलेली होती. हातभर अंतरावर. खरं सांगायचं तर मास्तरांनी जुडी तिच्यावर धरली. एक मिनिट लागलं असतं. मॅडमना सांगितलं असतं, जुना कागद भरलेला होता, काढून टाकला. वही सपाट उघडली असती, प्रदर्शन झालं असतं, आणि लोकांनी मास्तरांना शाल दिली असती. एकशे बारा नंबरचं पान तेवढं झाकायला सांगितलं असतं, म्हणजे उपकारही झाले असते. हा उपकाराचा विचार मनात आला आणि त्यांना स्वतःचीच अशी लाज वाटली की हात आपोआप मागे आला.

त्यांनी दार उघडलं, मॅडमना बोलावलं आणि म्हणाले, ‘‘घड्याळवाल्यांनाही बोलवा. दोघांसमोर एकदाच सांगतो. दोनदा सांगायची माझ्यात ताकद नाही.’’

घड्याळवाला आला तोवर मास्तरांनी डकवलेलं पहिलं पान ओलावून पुठ्ठ्यावरून सोडवलं होतं. ते टेबलावर ठेवलं. शेजारी पट्ट्या, एकेक सुटी करून. प्रत्येक पट्टीच्या वरच्या टोकाला कारकुनाने घातलेला पानाचा आकडा होता, त्यामुळे शोधायला काही लागलं नाही. एकशे बाराची पट्टी त्यांनी एकशे बाराच्या पानाला लावली. ओळींच्या कापलेल्या रेघा एकमेकींना भिडल्या.

‘‘वाचा,’’ मास्तर म्हणाले.

घड्याळवाल्याने भिंग डोळ्याला लावलं. अक्षर बारीक होतं, पण त्याचा जन्म बारीक वस्तूंत गेलेला. तो हळूहळू, प्रत्येक शब्द सोडवत वाचत गेला. ‘‘तिन्ही हप्ते... पूर्ण भरले. बाईने... तांब्याचा हंडा विकून... रोख आणून दिले. आता... बाकी नाही.’’

भिंग डोळ्यावरून काढलं तरी तो वाकलेलाच राहिला. मॅडम म्हणाल्या, ‘‘हे पाठीत कसं गेलं?’’ मग मास्तरांनी सगळं सांगितलं. मशीन, पट्ट्या, पहिलं पान, काही लपवलं नाही. सांगताना ते कुणाकडे बघत नव्हते, टेबलाच्या कडेवर अंगठ्याने खळ घासत होते.

‘‘तुम्हाला कधी कळलं?’’ घड्याळवाल्याने विचारलं.

‘‘त्याच दिवशी.’’

‘‘साप्ताहिकात यायच्या आधी?’’

‘‘वर्षभर आधी.’’

मास्तरांना वाटलं, हा आता मारेल. मारावं, असंही वाटलं. घड्याळवाल्याने भिंग रुमालाने पुसलं, खिशात ठेवलं. पट्टीला हात लावू का म्हणून मॅडमना विचारलं आणि बोटाच्या टोकाने तिला एकदा स्पर्श केला. मग दारापर्यंत जाऊन मागे वळला.

‘‘घरी सांगितलंत का?’’

मास्तरांनी मान हलवली. नाही.

‘‘मग इथे काय बसलात,’’ तो म्हणाला आणि गेला.

मॅडमना लेखी द्यायचं होतं ते मास्तरांनी लिहून दिलं, आपल्या खऱ्या नावाने सही केली. ऑफिस ते घर दहा मिनिटांची वाट, तिला त्या दिवशी अर्धा तास लागला. गल्लीत घड्याळाचं दुकान बंद होतं. एरवी कधी बंद नसायचं.

ताई मशीनवर होती. मास्तर समोर उभे राहिले. बसायचं धाडस झालं नाही. उभ्या उभ्या सांगितलं, ऑफिसात सांगितलं तसंच, त्याच क्रमाने, कारण दुसरा क्रम सुचेना. ताईचा पाय मशीनच्या पायट्यावर होता. ‘भरले’ हा शब्द आला तेव्हा तो थांबला. हंड्याचं ऐकलं तेव्हा तिने सुईखालचं कापड सोडवून घडी करायला घेतलं. सांगून झालं. मास्तर म्हणाले, ‘‘ताई, मी तुझं आयुष्य...’’

‘‘त्या दुपारी मी वाढत होते,’’ ताई म्हणाली. आवाज नेहमीचाच होता. ‘‘बाबांनी तुला विचारलं तेव्हा मी तुझ्यामागे उभी होते. मला वाटलं, तू म्हणशील, असू दे लिहिलेलं, माणसं चांगली आहेत. एवढंच म्हणायला हवं होतंस. वहीतलं खरंखोटं मला कुठे ठाऊक होतं. मी वाट बघितली.’’

ताईने पडद्याच्या घडीवरून हात फिरवला.

‘‘तू ताट पुढे केलंस,’’ ती म्हणाली. ‘‘अजून वाढ म्हणून. आणि मी वाढलं.’’

मास्तरांना ते आठवत नव्हतं. वही, पट्ट्या, पुठ्ठा, बाबांचा प्रश्न, आपलं उत्तर, सगळं त्यांनी हजार वेळा आठवलं होतं. ताट पुढे केल्याचं एकदाही आठवलं नव्हतं. आता मात्र ते त्यांना दिसलं, स्वतःचा हात आणि त्यात ताट.

ताईने घडी केलेले पडदे बाजूला ठेवले, मशीनवर झाकण घातलं आणि स्वयंपाकघरात गेली. जेवायची वेळ झाली होती. आई गेल्यापासून रोज आधी भावाचं ताट, मग स्वतःचं, यात खंड पडला नव्हता. आज तिने एकच ताट घेतलं. वाढून घेतलं, भिंतीला टेकून बसली आणि सावकाश, घास घास चावून जेवली. मास्तर दाराच्या चौकटीला धरून उभे होते. तिचं जेवण होईपर्यंत ते हलले नाहीत.

ताईने ताट धुतलं, पालथं घातलं. पदराला हात पुसत त्यांच्या बाजूने बाहेर जाताना म्हणाली,

‘‘पातेल्यात आहे. घे तुझं तू.’’